कासेतील दाह आणि पांढऱ्या पेशींची धाव

दुभत्या गाईच्या किंवा म्हशीच्या कासेस सूज येते, सड तापतो, हात लावताच जनावर लाथ झाडते आणि धारेबरोबर दह्यासारख्या गुठळ्या पडू लागतात. ह्या रोगास शास्त्रीय भाषेत स्तनदाह आणि खेड्यापाड्यांत दगडी किंवा काससुजी असे म्हणतात. गुठळ्या दिसल्या की जंतूंनी दूध नासविले, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु त्या गुठळ्या मुख्यतः साकळलेली प्रथिने आणि जनावराच्या स्वतःच्या रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी यांच्या बनलेल्या असतात. जंतूंशी सामना करण्यासाठी ह्या पेशी रक्त सोडून कासेत उतरलेल्या असतात.

ह्या पेशी नेमक्या दुखऱ्या सडाकडेच कशा येतात, त्यांना बोलावणे कोण पाठविते, आणि त्या उशिरा पोहोचल्या तर काय होते, हे समजून घेतले म्हणजे गोठ्यातील अनेक साध्या नियमांमागील कारण उलगडते. नियम पाठ करण्यापेक्षा त्याचे कारण कळलेला शेतकरी तो नियम अधिक काळजीने पाळतो.

दाह म्हणजे काय?

बैलाच्या पायात काटा मोडला तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते व दुखते. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोममधील सेल्सस ह्या लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेविली होती. ह्या चारही लक्षणांचे मूळ रक्तवाहिन्यांत आहे. दुखापतीच्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, तेथे अधिक रक्त येते, म्हणून लाली व उष्णता दिसते. वाहिन्यांचे अस्तर सैल होऊन रक्तातील पातळ द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज येते. त्या सुजेचा दाब व तेथे निर्माण झालेली द्रव्ये मज्जातंतूंस डिवचतात, म्हणून वेदना होते. अर्थात दाह हा स्वतः शत्रू नव्हे. शत्रूविरुद्ध शरीराने केलेली ती हालचाल होय.

ह्या हालचालीतील मुख्य घटना डोळ्यांनी प्रत्यक्ष पाहण्याचे काम एकोणिसाव्या शतकात झाले. जर्मन शास्त्रज्ञ यूलियस कोनहाइम याने १८६७ साली बेडकाच्या शरीरातील पारदर्शक पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेविला. दाह सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीस चिकटतात व भिंतीतून बाहेर पडतात, असे त्यास दिसले. पुढे १८८२ साली इटलीतील मेसिना येथे रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ याने समुद्रातील तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात बागेतील काटा टोचून ठेविला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला होता. पेशी जंतूंस गिळून नष्ट करतात, हा सिद्धान्त त्याने मांडला आणि १९०८ साली त्यास पॉल एअरलिखसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

जंतू कासेत कसे शिरतात?

गाईच्या कासेचे चार भाग परस्परांपासून वेगळे असतात. एका भागातील दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणूनच पुष्कळदा एकच सड बिघडतो आणि उरलेले तीन चांगले राहतात. सडाच्या टोकाशी सुमारे एक सेंटिमीटर लांबीची अरुंद नळी असते. तिच्याभोवतीचा स्नायू ती आवळून धरतो आणि आतील मेणचट थर जंतूंस अडवितो. दूध काढल्यानंतर मात्र ही नळी लगेच मिटत नाही. ती मिटावयास अर्धा ते एक तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. एवढ्या वेळात जनावर शेणामुतात बसले की जंतूंस दार उघडे सापडते.

कासेतून रक्त मोठ्या प्रमाणात वाहते. एक लिटर दूध तयार होण्यासाठी सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून फिरावे लागते. त्या रक्ताबरोबर पांढऱ्या पेशीही सतत येत-जात असतात. परंतु जवळून जाणे निराळे आणि थांबून बाहेर पडणे निराळे. निरोगी कासेत बहुतेक पेशी रक्ताच्या ओघाबरोबर पुढे निघून जातात. त्यांनी थांबावे यासाठी कोणीतरी हाक द्यावी लागते.

हाक कोण देतो?

गावात चोर शिरला तर प्रथम जागल्या ओरडतो आणि त्याची हाक ऐकून गावकरी धावतात. कासेतही असे जागले असतात. निरोगी दुधात थोड्या मोठ्या भक्षक पेशी फिरत असतात. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. दूधनलिकांच्या अस्तराच्या पेशीही पहारा करतात. ह्या पेशींच्या अंगावर जंतूंच्या कवचातील विशिष्ट द्रव्ये ओळखणारी ग्राहके असतात. जंतूची ओळख पटताच त्या पेशी काही रासायनिक द्रव्ये सोडतात. त्यांपैकी टीएनएफ व इंटरल्यूकिन-१ ही द्रव्ये जवळच्या रक्तवाहिन्यांस सावध करतात. इंटरल्यूकिन-८ हे द्रव्य पांढऱ्या पेशींस दिशा दाखविते. दिशा दाखविणाऱ्या अशा द्रव्यांच्या गटास केमोकाइन असे नाव आहे.

हाकेस सर्वांत प्रथम धावून येणारी पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. ती हाडांतील मज्जेत तयार होते. रक्तात ती थोडे तासच राहते, म्हणून मज्जेतून नव्या पेशींचा पुरवठा अखंड चालू असतो. मोठा दाह झाला की मज्जेतील साठाही रक्तात सोडला जातो.

पेशी रक्तातून बाहेर कशी येते?

वाहत्या रक्तातून नेमक्या जागी उतरणे सोपे नाही. पूर आलेल्या ओढ्यात वाहत जाणाऱ्या माणसाने काठ गाठावा, तसे ते काम आहे. ते पुढील पायऱ्यांनी होते.

(१) लोळणे. सावध झालेल्या बारीक नीलांच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाचे हात उगवतात. त्यांतील एक प्रकार पेशींत आधीच साठविलेला असल्यामुळे काही मिनिटांत वर येतो. दुसरा नव्याने तयार व्हावयास काही तास लागतात. न्यूट्रोफिलच्या अंगावरही सिलेक्टिनचा एक प्रकार असतो. हे हात एकमेकांस धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. त्यामुळे पेशीचा वेग मंदावतो व ती भिंतीवरून लोळत जाऊ लागते.

(२) जागृत होणे. लोळत असता पेशीस भिंतीवर लावलेल्या केमोकाइनचा स्पर्श होतो. येथे उतरावयाचे आहे, हा संदेश तीस तेथे मिळतो.

(३) घट्ट चिकटणे. संदेश मिळताच पेशीच्या अंगावरील इंटेग्रिन नावाची पकड उघडते आणि भिंतीवरील खुंट्यांस आवळून धरते. आता रक्ताचा ओघ तीस हलवू शकत नाही.

(४) बाहेर पडणे. पेशी चपटी होऊन अस्तरातील दोन पेशींच्या सांध्यातून अंग काढते. हे काम काही मिनिटांत उरकते.

(५) माग काढणे. बाहेर पडल्यावर जिकडे केमोकाइनचे प्रमाण अधिक तिकडे ती सरकत जाते आणि दूधनलिकेचे अस्तर ओलांडून दुधात उतरते.

ह्यांतील एक पायरी जरी चुकली तरी पुढील काम होत नाही.

दुधातील सामना आणि त्याची किंमत

निरोगी गाईच्या दुधात प्रत्येक मिलिलिटरमध्ये सामान्यतः २ लाखांहून कमी पेशी असतात आणि त्यांत न्यूट्रोफिल थोड्या असतात. जंतू शिरल्यावर ही संख्या काही तासांत कित्येक लाखांवर जाते. तीव्र दाहात ती दहा लाखांच्या कितीतरी पट होते आणि दहापैकी नऊ किंवा अधिक पेशी न्यूट्रोफिलच असतात. त्या जंतूंस गिळतात व आत तीव्र द्रव्ये सोडून मारतात.

परंतु दूध ही ह्या पेशींस सोयीची रणभूमी नव्हे. दुधातील स्निग्ध कण व केसीन हे प्रथिनही त्या गिळत बसतात, त्यामुळे जंतूंविरुद्धची त्यांची शक्ती उणावते. शिवाय मरताना त्यांच्यातील तीव्र द्रव्ये सांडून दूध तयार करणाऱ्या पेशींसही इजा करतात. दाह लवकर आटोपला तर ही इजा थोडकी राहते. न्यूट्रोफिल मरतात, मॅक्रोफेज त्यांस गिळून जागा साफ करतात व कास पूर्ववत होते. दाह आठवडेच्या आठवडे रेंगाळला तर दूध तयार करणारा भाग नाहीसा होऊन त्या जागी तंतुमय गाठ बनते. कासेचा तो भाग दगडासारखा टणक होतो. ‘दगडी’ हे नाव अशा सडास अगदी साजते. असा सड पुन्हा पूर्वीसारखे दूध क्वचितच देतो. म्हणून पेशी येतात की नाहीत एवढाच प्रश्न नसून त्या किती लवकर येतात, हा खरा प्रश्न आहे.

मोठी हाक आणि दबकी हाक

सर्व जंतू सारखी हाक उठवीत नाहीत. शेणातून येणारा ई. कोलाय हा जंतू कवचातील द्रव्यामुळे चटकन ओळखला जातो. हाक मोठी होते, पेशी झुंडीने येतात, कास एकदम सुजते, ताप चढतो. बहुधा सामना लवकर निकालात निघतो. परंतु पेशी पोहोचण्यास उशीर झाल्यास जंतू बेसुमार वाढतात. त्यांच्या विषाने जनावर गळून खाली बसते आणि प्रसंगी दगावते.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निराळा आहे. तो धार काढणाऱ्याच्या हातांवरून, फडक्यावरून व यंत्राच्या नळ्यांतून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. त्याच्यामुळे टीएनएफ व इंटरल्यूकिन-८ ही द्रव्ये फारच थोडी सुटतात. हाक दबकी पडते आणि पेशी येतात त्या उशिरा व अपुऱ्या. तोवर जंतू पेशींच्या आत व गाठींच्या आड दडून बसतो. बाहेरून सड चांगला दिसतो, दूध पांढरे स्वच्छ असते, पण ते हळूहळू घटत जाते आणि दुधातील पेशी वाढलेल्या असतात. ह्यास सुप्त स्तनदाह म्हणतात. उघड दिसणाऱ्या रोगापेक्षा हा न दिसणारा रोगच अधिक जनावरांत असतो, म्हणून त्यामुळे होणारे नुकसानही मोठे असते.

पेशींचे पाऊल केव्हा अडखळते?

विण्याच्या आधीचे व नंतरचे दोन-तीन आठवडे जनावरास सर्वांत धोक्याचे असतात. विण्याच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल हे द्रव्य वाढते आणि त्याच्या परिणामाने न्यूट्रोफिलच्या अंगावरील सिलेक्टिन गळून पडतात. लोळण्याची पहिली पायरीच हुकते. रक्तात पेशी भरपूर असूनही त्या भिंतीस धरू शकत नाहीत. स्टिरॉइड औषधांनीही असाच परिणाम होतो. म्हणून सूज उतरावी ह्या हेतूने अशी सुई पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून टोचणे घातक ठरू शकते.

ताज्या व्यालेल्या जनावरास दुधातून जाते तेवढे पोषण खाण्यातून मिळाले नाही, तर शरीरातील चरबी वितळते व पेशींची शक्ती आणखी घटते. ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांची उणीव असल्यास गिळलेले जंतू मारण्याचे काम मंदावते. हिरव्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व पुष्कळ असते. साठविलेल्या कडब्यात ते फार थोडे उरते. सेलेनियम अधिक झाल्यास विषारी ठरते, म्हणून ते सुटे न देता खनिज मिश्रणातूनच ठरल्या प्रमाणात द्यावे.

पेशी असून उपयोग नाही : वासरांतील एक आनुवंशिक दोष

पकड नसेल तर काय होते, ह्याचे उदाहरण होल्स्टीन जातीच्या वासरांत सापडले. ही वासरे काही आठवड्यांची होताच त्यांस वरचेवर हगवण व फुप्फुसदाह होऊ लागे, हिरड्यांवर व्रण पडत, दात हलत, जखमा भरत नसत. औषधाने थोडे बरे वाटे व पुन्हा आजार उलटे. बहुतेक वासरे वर्षाच्या आत मरत. रक्त तपासले तर चमत्कारिक गोष्ट दिसे. निरोगी जनावराच्या रक्तात एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ४,००० ते १२,००० पांढऱ्या पेशी असतात, तर ह्या वासरांत त्या अनेकदा ४०,०००च्या वर असत. रक्तवाहिनी पेशींनी भरलेली, पण त्यांना बाहेर पडता येत नसे.

कारण १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले. इंटेग्रिनच्या एका भागाची घडण सांगणाऱ्या जनुकात एकाच अक्षराचा बदल झालेला होता. त्यामुळे तिसरी पायरी, म्हणजे घट्ट चिकटणे, घडत नव्हते. हा दोष १९५२ साली जन्मलेल्या ऑस्बॉर्नडेल आयव्हॅनहो ह्या नामांकित वळूपर्यंत मागे नेता आला. त्याच्या वंशातील वळूंची संतती अधिक दूध देणारी म्हणून त्यांचे रेत अनेक देशांत गेले आणि दोषही त्याबरोबर पसरला. ह्या रोगास ब्लॅड असे संक्षिप्त नाव आहे.

ज्या जनावरात दोषी जनुकाची एकच प्रत असते ते निरोगी दिसते. त्यास वाहक म्हणतात. वाहक वळू व वाहक गाय यांचा संयोग झाला तर चार वासरांत सरासरी एक रोगी निपजते. वाहक दिसून ओळखता येत नाही, रक्ताच्या जनुकीय तपासणीनेच तो कळतो. म्हणून होल्स्टीन व तिच्या संकरित वळूंची ही तपासणी करून वाहक वळू बाद करण्याची पद्धत भारतातील रेत केंद्रांनीही स्वीकारली आहे. महाराष्ट्रात होल्स्टीन संकरित गाई पाळणारे शेतकरी पुष्कळ असल्यामुळे ही गोष्ट येथील गोठ्यांशीही संबंधित आहे. कृत्रिम रेतन मान्यताप्राप्त केंद्राच्या कांडीनेच करवून घ्यावे व कांडीवरील वळूचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. गावातील न तपासलेल्या संकरित वळूकडे गाय नेण्याने हा धोका पुन्हा दारात येतो.

गोठ्यात करावयाच्या गोष्टी

दूध काढण्यापूर्वी : हात धुवावेत. सड स्वच्छ करून कोरडे पुसावेत आणि प्रत्येक जनावरास निराळे फडके वापरावे. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या तळाच्या भांड्यात घेऊन गुठळ्या, पाणचटपणा किंवा रक्त दिसते का ते पाहावे. ह्या धारा जमिनीवर सोडू नयेत, त्यातून जंतू पसरतात.

दूध काढताना : निरोगी जनावरे आधी, रोगी जनावर सर्वांत शेवटी. अंगठा दुमडून सड ओढण्यापेक्षा पूर्ण मुठीने दूध काढावे, म्हणजे सडास इजा होत नाही.

दूध काढल्यानंतर : सडाचे टोक पशुवैद्याने सांगितलेल्या आयोडीनच्या द्रावणात बुडवावे. लगेच वैरण टाकावी, म्हणजे जनावर खात उभे राहते आणि सडाचे तोंड मिटेपर्यंत खाली बसत नाही.

महिन्यातून एकदा : सुप्त दाहाची परीक्षा करावी. कॅलिफोर्निया येथे १९५७ साली निघालेली परीक्षा सोपी आहे. चार वाट्यांच्या पाटीत प्रत्येक सडाचे दूध निरनिराळे घेऊन तेवढेच परीक्षाद्रावण घालावे व पाटी सुमारे दहा सेकंद गोल हलवावी. द्रावण पेशींची आवरणे फोडते, आतील जनुकद्रव्याचे धागे सुटतात आणि मिश्रण चिकट होते. जितक्या पेशी अधिक तितका चिकटपणा अधिक. हे द्रावण न मिळाल्यास १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून तशीच परीक्षा घेता येते. हे दूध परीक्षेनंतर टाकून द्यावे. चिकाच्या दिवसांत व दूध आटत आले असता पेशी स्वभावतःच अधिक असतात, म्हणून त्या वेळी ह्या परीक्षेवर विसंबू नये.

रोग दिसल्यास : त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावे. जनावर खात नसेल, अंग गार पडले असेल किंवा उठत नसेल तर एक तासही दवडू नये. प्रतिजैविक औषध मनाने निवडू नये आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. औषध चालू असता व त्यानंतर पशुवैद्य सांगेल तितके दिवस ते दूध विकू अथवा पिऊ नये. आटविण्याच्या वेळी सडात सोडावयाच्या औषधाबद्दलही सल्ला घ्यावा. दडलेल्या जंतूंवर इलाज करण्यास तो काळ अनुकूल असतो.

विण्याच्या सुमारास : जागा कोरडी व स्वच्छ ठेवावी, हिरवा चारा व खनिज मिश्रण द्यावे, खुराक हळूहळू वाढवावा.

कार्यकर्त्यांसाठी

गावातील चर्चेत हा पाठ सांगताना प्रथम चार सडांच्या दुधाची परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखवावी. स्वच्छ दिसणारे दूध वाटीत घट्ट होताना पाहिले म्हणजे सुप्त रोगाची खात्री पटते. नंतर पुढील प्रश्न विचारावेत.

१. एकच सड बिघडतो व इतर तीन चांगले राहतात, असे का?
२. दूध काढल्याबरोबर वैरण का टाकावी?
३. दूध पांढरे स्वच्छ असूनही सड रोगी असू शकतो का? तो कसा ओळखावा?
४. नुकत्याच व्यालेल्या गाईस हा रोग अधिक का होतो?
५. रेतनाच्या कांडीवरील क्रमांक टिपून ठेवण्याचा उपयोग काय?

जंतूंशी झगडण्याचे मुख्य काम जनावराचे रक्तच करते. औषध त्यास हातभार लावते. शेतकऱ्याने करावयाचे ते एवढेच, की जंतूंस दार उघडे ठेवू नये, जनावराचे पोषण कमी पडू देऊ नये आणि दबकी हाकही वेळेवर ओळखावी. इतके झाले तर पुष्कळ सड वाचतात आणि त्यांच्यावर चालणारा संसारही सावरतो.